फुगला, सर!

हुलसूरजवळच्या त्या मराठी शाळेतला काचेचा मोठा चंबू दहा वर्षांत एकदाही तापला नव्हता. खंडेनवमीला मात्र तो न चुकता कपाटाबाहेर यायचा, हळदीकुंकू लावून घ्यायचा, झेंडूचं फूल मिरवायचा आणि पुन्हा कुलपात जायचा. विज्ञानाचे संकर्षण सर म्हणायचे, "काचेची वस्तू आहे. फुटली तर मुलं प्रयोग कशावर करणार?"

यंदा मार्चात तपासणी निघाली आणि चंबूचं नशीब उघडलं. 'उत्तम' शेरा मिळाला की सरांची बिदरला बदली होणार होती. त्यांच्या पत्नीने, विभाबाईंनी, बिदरच्या मैलूर भागात घरही बघून ठेवलं होतं. कोणत्या खिडकीला कोणता पडदा, इथपर्यंत ठरलं होतं. तेव्हा सरांनी विज्ञानावर काहीच सोपवलं नाही. चंबूच्या तोंडाला फुगा लावायचा, चंबू गरम पाण्यात ठेवायचा, आतली हवा तापून पसरते आणि फुगा फुगतो. एवढ्याशा गोष्टीची त्यांनी आठ दिवस तालीम घेतली, तीही चंबूशिवाय आणि पाण्याशिवाय. सर नुसता हात वर करायचे आणि नववीचा वर्ग ओरडायचा, "फुगला, सर!"

तपासणीचे साहेब अकराला येणार होते. सरांनी चंबूला फुगा लावून तो खिडकीपाशी मांडला. स्वयंपाक करणाऱ्या दानेश्वरीअक्कांनी उकळतं पाणी टोपात आणून ठेवलं. सरांनी त्यांना बजावलं, "टोप कडेपर्यंत भरलेला दिसला पाहिजे. कमी दिसता कामा नये." मग हार घेऊन ते फाटकावर जाऊन उभे राहिले.

अनिलकुमार साहेब दीडला उगवले. तोवर खिडकीतल्या उन्हात चंबू चांगला तापला होता आणि फुगा आपला आपणच उठून बसला होता. पण त्याच्याकडे कोण बघणार? त्याची वेळ अजून व्हायची होती. इकडे टोपातलं पाणी कोमट होऊन थोडं कमी दिसायला लागलं. दानेश्वरीअक्कांनी सरांचा शब्द पाळला आणि माठातलं दोन तांबे गार पाणी ओतून टोप पुन्हा कडेपर्यंत भरला.

सरांनी चंबू टोपात ठेवला आणि हात वर केला. फुग्यानं मान टाकली आणि तो चंबूच्या गळ्यावर लुळा पडला.

"फुगला, सर!" वर्गाने छप्पर दणाणून सोडलं.

"सर, फुगा तर आकसायलाय की!" मागच्या बाकावरून मंगल म्हणाली. ही लिंगाप्पा मेंढपाळाची मुलगी. तालमीचे आठ दिवस ती बापाबरोबर मेंढरांमागे गेली होती. तिला उत्तर पाठ नव्हतं, म्हणून बिचारीने फुग्याकडे बघितलं होतं.

मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या साहेबांनी मान वर केली. "काय म्हणते ही?"

सरांनी टोपात बोट बुडवलं. पाणी गार होतं. मुलगी खरं बोलत होती, आणि तसं साहेबांना सांगू शकेल असा त्या खोलीत एकच माणूस होता. सरांना लाज वाटली, नाही असं नाही. पण मैलूरचे पडदेही डोळ्यांपुढून हलेनात.

"जरा कच्ची आहे, साहेब," सर म्हणाले.

साहेबांनी 'उत्तम' लिहिलं आणि खाली जोडलं: कच्च्या विद्यार्थ्यांचे जादा तास घ्यावेत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जादा तासाला मंगल एकटीच बसली होती. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'हवा तापली की पसरते', आणि दहा वेळा उतरवून काढायला सांगितलं.

"मंग निवल्यावर आकसती न्हवं, सर?"

"हो. आकसते."

"मंग काल माझं काय चुकलं?"

सरांनी डस्टर झटकलं.

"काल तू फुग्याकडे बघितलंस," ते म्हणाले.

मंगलनं मान डोलवली आणि वहीत तेही लिहून घेतलं.