वाढत्या अंगाचा सूट

धंद्याने तो प्लंबर, पण सगळे त्याला वायसर म्हणत. कुठे नळ ठिबकताना दिसला की याचा हात खिशातल्या वायसरकडे जाई. असा हा काटेकोर माणूस, पण मुलीचा कपडा त्याने कधी मापाचा आणला नाही. गणवेश, रेनकोट, बूट, सगळं वाढत्या अंगाचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. याच्या लेकीचं अंथरूण कायम पायांपेक्षा हातभर लांब.

पुढे ती बचाव पथकात उमेदवार म्हणून लागली आणि थंड तळ्यात बुडी मारायला शिकू लागली, तेव्हा पाणबुड्यांचा सूटही त्याने तिला न विचारताच आणला. दुकानातला सगळ्यात जाड, आणि सवयीने एक नंबर मोठा. आत स्वेटरसुद्धा मावेल, असा त्याचा हिशोब.

परीक्षेच्या बुडीत ती अर्ध्यातच वर आली. ओठ निळे, दातावर दात वाजतायत, स्वतःचं नाव सांगता येईना. प्रशिक्षक म्हणाले, "रविवारी अजून एकदा. तेव्हाही गारठलीस तर पथकात घेता येणार नाही."

घरी जाताना वायसर बोलून गेला, "पोरी, तुझ्यात दमच नाही." त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सूट काखोटीला मारून तो तिला घेऊन दुकानात गेला. या वेळी गल्ल्यावर मालकीणबाई होत्या.

"याहून जाड द्या," तो म्हणाला.

"याहून जाड घातला तर तिला हात वाकवता येणार नाहीत. आधी हाच घालून दाखव गं."

पोरीने एका दमात घातला. बाईंनी तिच्या कमरेमागे हात नेला, तर मूठभर कापड हातात आलं. काखेतही तेच.

"कोणी निवडला हा?"

पोरीने बाबांकडे पाहिलं. "आत स्वेटर घाल म्हणत होते. मी नाही घातला."

बाई हसल्या. "अहो, हा सूट पाणी अडवत नाही. थोडं पाणी आत शिरतं, ते अंगाच्या उबेने तापतं आणि तिथेच राहतं. सैल असला की तापलेलं पाणी बाहेर जातं, गार आत येतं. जाडीचा काय उपयोग?"

"म्हणजे माझी पोर अख्खं तळं तापवत बसली होती?"

"तसंच म्हणा."

वायसर स्टुलावर बसला. ढिला सांधा गळतो, हे त्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बाईंनी तेवढ्याच जाडीचा एक नंबर लहान सूट काढला, डोकं झाकणारी टोपीही दिली. तो चढवताना पोर घामाघूम झाली.

"श्वास कोंडेल तिचा!" वायसर उठला.

"तुम्ही बसा हो. खोल श्वास घे गं. हात वर कर. खाली बस. गळा आवळतोय?"

"नाही."

बाईंनी कमरेमागे चिमटी घेऊन पाहिली. चिमटीत काही आलं नाही. "आता बसला."

बाहेर पडल्यावर वायसर म्हणाला, "दम तुझ्यात होता. माप माझं चुकलं."

"तुमचं नेहमीच चुकतं बाबा," ती म्हणाली, पण हसली.

रविवारी तो काठावर उभा होता. पाण्यावर बुडबुडे येत होते आणि त्याची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. या वेळी ती पूर्ण वेळ खाली राहिली. वर आली तेव्हा प्रशिक्षकांनी तिची पाठ थोपटली आणि "उद्यापासून कामावर ये" म्हणून सांगितलं.

ती त्याच्याजवळ आली. ओठ गुलाबी. "बाबा, भूक लागलीय."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने पिशवीतून तिचा कोट काढला. शाळेत असताना घेतलेला, पण अजूनही ऐसपैस. तिने तो ओल्या सूटवरूनच चढवला, बाह्यांत बोटांसकट हात दडवले आणि कॉलर नाकापर्यंत ओढली.

"हा मात्र मोठाच बरा," ती म्हणाली.