रॉडची खरखर

"मामा, डोळे मिटा. आणि कोण वाजवतंय ते सांगा," झुंबर म्हणाला.

जयराम पगारेंनी डोळे मिटले. पलंगाच्या कडेला ठेवलेल्या लहानशा स्पीकरमधून एक सूर उठला, दुसऱ्या सुरावर पाय न टेकताच पुढे वाहत गेला आणि मिटल्या पापण्यांमागच्या अंधारात पाण्यावरच्या उजेडासारखा थरथरत राहिला. हवाईयन गिटारच होती ती. म्हणजे नव्हती. झुंबरच्या गळ्यात त्याची नेहमीची इलेक्ट्रिक गिटार होती आणि पायाशी आवाज बदलून देणारा त्याचा नवा प्रोसेसर. तार छेडल्याचा ठोका तो डबा गिळून टाकत होता. पायाखालची पट्टी दाबली की सूर घसरत वर जात होता. मांडीवर आडवी घेतलेली गिटार नव्हती, तारांवरून फिरणारा पोलादी रॉड नव्हता, आणि तरीही त्या दोघांचं बाळ असावं तसा हा आवाज खोलीभर रांगत होता.

"छान आहे," जयराम म्हणाले. ते खरोखरच छान होतं, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं.

उद्या त्यांच्या लेकीचं, स्नेहाचं लग्न होतं, गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर. अशाच लॉन्सवर जयरामांचं आयुष्य वाजवण्यात गेलं होतं. संस्कृतीचे गोडवे गाणारी माणसं संगीत कशाला म्हणतात हे पाहायचं असेल, तर त्यांना भाषण करताना पाहू नये, जेवताना पाहावं. तिथे वादकाला पाण्याच्या जारशेजारी बसवतात, आणि तो फारच बरं वाजवू लागला तर आवाज कमी करायला सांगतात, कारण कुणा पाहुण्याला फोनवर ऐकू येत नसतं. जयरामांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. त्यांची वेळ ताटं उचलल्यावर येई. ऑर्केस्ट्राचा तसा रिवाजच होता. मुलगी सासरी निघाली की ढोलकी थांबे, कीबोर्ड थांबे, गाणारे माइकपासून दूर होत, आणि ती गाडीत बसेपर्यंत एकटे जयराम वाजवत. तेवढ्या वेळापुरता आचारीसुद्धा झारा खाली ठेवी. इतरांच्या किती मुली त्यांनी अशा सुरांवर बसवून धाडल्या! स्नेहा लहान असताना तिने विचारलं होतं, "माझ्या वेळी?" तेव्हा ते म्हणाले होते, "तुझ्या वेळी असं वाजवीन, की गाडी हळू चालेल."

उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. रॉड धरणारा हात मांडीवर ठेवला की आता तिथेच राही, कुणी विसरलेल्या रुमालासारखा. झोपेत मात्र तो फिरे. कुठलीशी अफाट लांब तार असे, नदीच्या या काठापासून धुक्यातल्या त्या काठापर्यंत ताणलेली, आणि तिच्यावरून त्यांचा हात सरकत राही. काठ कधी येत नसे. जाग आली की प्रथम ते हाताकडे बघत.

मधला दरवाजा उघडून सुमनबाई आल्या, कोपरापर्यंत हळदीने पिवळ्या.

"रेडिओ कुणी लावलाय? पाहुणे जरा आडवे झालेत, त्यांना पडू द्या."

झुंबरचा चेहरा उतरला. "रेडिओ नाय मामी. मामांची गिटार आहे ही. मशीनमधून काढली. उद्या पाठवणीला हीच वाजवणार."

"यांची?" सुमनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "यांची कशी असेल? यांचं वाजायच्या आधी घासल्यासारखं यायचं. खर्र. पोरगी त्याच्यावरच तर झोपायची. खर्र झालं की डोळे मिटले. गाण्यापर्यंत थांबतेय कशाला!"

जाड तारांवर बारीक तारेचा पीळ असतो. रॉड त्याच्यावरून सरकला की सुराच्या आधी ती खरखर येते. कसलेला वादक ती झाकतो. जयरामांना ती उभ्या जन्मात झाकता आली नाही. तारांना पावडर लावून झाली, तेल लावून झालं. ऑर्केस्ट्राचे मालक माइकवरून म्हणत, "पगारे, लाकूड कापताय का?" आणि मांडवातली दोन-चार माणसं हसत.

"तो दोष होता, मामी," झुंबर म्हणाला. "मी मुद्दाम साफ आवाज बनवला."

"मग साफ आवाज तुझ्याकडेच ठेव."

झुंबर चिडला, पण डब्यावर वाकला. जुन्या तबकडीचा आवाज देणारं एक बटण त्यात होतं. ते लावून त्याने पुन्हा वाजवलं.

"हे भजी तळल्यासारखं येतंय," सुमनबाई म्हणाल्या.

त्याने आणखी काही फिरवलं.

"आता तेल तापलंय जास्त."

"अहो मामी, खरखर दर वेळी वेगळी यायची त्यांची! ती कशी भरणार मशीनमध्ये?"

तेव्हा जयराम म्हणाले, "उद्या माझी गिटार गाडीत घाल."

"आणि वाजवणार कोण?"

"तूच वाजव. तुझीच. साफ."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा सगळं यथासांग पार पडलं होतं. कुणी ऐकलं नाही इतक्या मोठ्या आवाजात गाणी वाजली होती. नवरामुलगा सटाण्याचा. त्याचे मामा घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. "चला लवकर, गाडी उभी शे." स्नेहा उठली. वाकून सगळ्यांच्या पाया पडली. बापाच्या पायाशी वाकली तेव्हा तिने त्यांचा डावा हात उचलून क्षणभर स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आणि परत मांडीवर नीट ठेवून दिला. मावशीने बजावलं, "आता मागं वळून बघायचं नाही."

ढोलकी थांबली. कीबोर्ड थांबला. झुंबरने पट्टीवर पाय ठेवला.

जयराम स्टेजच्या कडेला खुर्चीत बसले होते. सुमनबाईंनी त्यांची गिटार मांडीवर आडवी ठेवली, माइक तारांजवळ आणला आणि काल रात्री ठरलं होतं तसं, त्यांचा निर्जीव डावा हात उचलून तारांवर पालथा ठेवला. त्या हाताच्या भाराने तारा मुक्या झाल्या. कुठलाच सूर आता त्यांतून निघणार नव्हता. मग त्यांनी नवऱ्याच्या उजव्या हातात रॉड दिला.

जयरामांनी तो जाड तारेवरून ओढला.

खर्र.

झुंबरने लगेच सूर सोडला. पुन्हा खर्र, पुन्हा सूर. आधी बापाचा हात, मागून तो डबा. स्टेजवरच्या कुणीतरी साउंडवाल्याला खूण केली की माइक खराब झालाय. झुंबरने न थांबता मानेने नाही म्हटलं.

हिरवळीच्या मधोमध स्नेहाची पावलं मंदावली. नवऱ्यामुलाच्या मामांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. ती थांबली. वळली नाही. पाठीवरचा पदर तेवढा हलताना दिसत होता. प्रत्येक खरखरीला तिची मान किंचित झुकत होती, झोपेला आलेल्या लेकरासारखी. मग ती चालू लागली, इतकी सावकाश, की गाडीलाही तिच्या मागून हळूच यावं लागलं.

फाटकाशी ती गाडीत बसली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर झुंबरने पाय उचलला. जयरामांच्या हातातला रॉड सुमनबाईंनी काढून घेतला, पदराला पुसला. मग दोन्ही हातांनी त्यांचा डावा हात तारांवरून उचलला.

सुटलेल्या तारा तेव्हा आपसूक वाजल्या. माइक चालूच होता.