तटावरचा होकार

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. एवढे जड नाव घरात कुणी घेत नाही; सगळे कानाचं मशीन म्हणतात. चाकणजवळच्या कुरुळी गावातले आबाजी माझे मालक. पिंपरीच्या दुकानातल्या बाईंनी मला त्यांच्या कानात बसवले, त्या दिवशी घरी येऊन ते आपल्या पत्नीला, गोजाबाईंना म्हणाले, "अगं, तुझ्या बांगड्या वाजत्यात." तेव्हा माझे फार कौतुक झाले. झोपताना मला मऊ फडक्यात ठेवत, सेल वेळेवर बदलत.

पुढे कौतुक ओसरले. लग्नकार्यात लोक कानाकडे बघतात, म्हणून आबाजी मला खिशातच ठेवू लागले. ऐकू आले नाही, की हसून मान डोलवायची आणि "व्हय, व्हय" म्हणायचे, अशी त्यांना सवयच लागली.

त्यांचा मुलगा शेखर कंपनीच्या कामासाठी बायकोसह जर्मनीत होता. मागच्या उन्हाळ्यात त्याने आईवडिलांना तिकडे बोलावले आणि एका रविवारी सगळ्यांना गाडीने रोथेनबुर्ग नावाचे जुने गाव दाखवायला नेले. दगडी रस्ते, लाकडी चौकटींची उंच घरे आणि गावाभोवती तट. तटाच्या जिन्यापाशी फोटो काढताना सून मोनिका म्हणाली, "आबा, फोटोत मशीन दिसतंय. जरा काढता का?" आबाजींनी मला जाकिटाच्या खिशात टाकले. फोटो झाला, पण त्यांनी मला परत कानात घातले नाही.

शेखर आणि मोनिका तटावरून पुढे गेले. म्हातारी दोघे मागे तटावरच टेकली. खाली एक बाई खिडकीतल्या फुलांना पाणी घालत होती. गोजाबाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या.

"आवं, ह्या लोकांनी घरं कशी जपल्यात बघा," त्या म्हणाल्या. "आपलं समदं रान कंपन्यांत गेलं. विहिरीजवळची पट्टी तेवढी ऱ्हायली. ती मागं लागलेल्या त्या गोदामवाल्याला देऊ नगा. मला तिथं दोन खोल्या बांधून ऱ्हायचंय. ठेवाल न्हवं?"

मी त्या घरात आल्यापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेले ऐकले नव्हते. खिशात मी चालूच होते. शब्द न् शब्द मला ऐकू आला. आबाजी त्यांच्याकडे पाहून हसले. मान डोलवून म्हणाले, "व्हय, व्हय."

गोजाबाईंनी पदराने डोळे टिपले. परतीच्या वाटेवर त्या गाडीत मोनिकाशी पोटभर गप्पा मारत होत्या. मी खिशात तळमळत होते, पण मला बोलता कुठे येते?

गावी परतल्यावर गोदामवाल्याची बोलणी पुन्हा सुरू झाली. दिवाळीच्या आधी आबाजी खरेदीखतावर सही करून पेढे घेऊन घरी आले. गोजाबाईंनी पुडा हातात घेतला, न उघडता देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि त्या आत गेल्या. त्यानंतर घरातले बोलणे आटले. आबाजींना वाटले, आपला कान अधिकच गेला. म्हणून त्यांनी मला खिशातून काढले, नवा सेल घातला आणि कानात बसवले. माझ्यात काही बिघाड नव्हता. घरच गप्प झाले होते.

शेवटी त्यांनी विचारले, "काय झालंय तुला?"

"जर्मनीत तटावर तुमी व्हय म्हनला व्हता," गोजाबाई म्हणाल्या.

"कशाला?"

त्यांनी सांगितले. आबाजी म्हणाले, "मला ऐकूच आलं न्हवतं गं."

"मग तसं म्हनायचं व्हतं," एवढेच बोलून त्या तांदूळ निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी आबाजी त्या पट्टीवर गेले, तेव्हा विहीर मुरूम टाकून बुजवली होती.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी माझ्या जातभाईला वापरत असेल, तर त्याचा सेल संपू देऊ नका आणि फोटोसाठी त्याला लपवायला सांगू नका. कुणाचे बोलणे ऐकू आले नाही, तर मान डोलवू नका. "पुन्हा सांग," एवढेच म्हणा. आबाजी आता मला सकाळीच कानात घालतात आणि गोजाबाईंच्या जवळ जाऊन बसतात. "सांग, काय म्हनत व्हतीस?" असे विचारतात.

"काय न्हाई," त्या म्हणतात. आणि ते त्यांना अगदी स्पष्ट ऐकू येते.