मागे राहिलेला पत्ता

मित्रांनो, मला रंग नाही, वजन नाही, आणि सणासुदीलाही मला कोणी कधी पुसून लख्ख केलेले नाही. मी चार आकड्यांचा एक जुना पत्ता आहे: दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, अठ्ठेचाळीस. इंटरनेटवरची वेबसाइट ज्या मशीनमध्ये राहते, त्या मशीनच्या दारावरचा नंबर म्हणजे मी. लोक मला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. तुम्ही साइटचे नाव टाइप करता, आणि ते नाव गुपचूप तुम्हाला माझ्याकडे पाठवते. कौतुक मात्र सगळे नावाचे!

माझ्यासारख्या नंबरांचा अख्खा गठ्ठा दुबईतल्या एका होस्टिंग कंपनीकडे आहे. ती आम्हाला मशीनसकट भाड्याने देते. आधी माझ्याकडे मीना बाजारातले साड्यांचे एक दुकान होते, मग लग्नाचे फोटो काढणारा एक जण. सहा वर्षांपूर्वी धनंजय आले. ते आणि त्यांची बायको प्रमोदिनी दुबईच्या करामा भागात डब्यांचा व्यवसाय करतात. धनंजय माझ्यावर बेहद्द खूश होते, कारण त्यांच्या व्हॅनच्या नंबरपाटीवरही अठ्ठेचाळीसच होते.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कंपनीच्या कामगार वसाहतीत तीनशे माणसे त्यांचा डबा खात. गेटजवळ धनंजयांनी पडद्याचे एक यंत्र बसवले होते. डब्यात भात ठरलेला. उद्या ज्याला भाताऐवजी दुसरे काही हवे, त्याने संध्याकाळी सहाला तिथे बटण दाबायचे, की निरोप माझ्याकडे हजर. त्या यंत्रात खरे तर साइटचे नाव घालायला हवे होते. धनंजयांनी हौसेने मलाच घातले.

मला या निरोपांचे भारी कुतूहल. चतुर्थीला खिचडी मागणारे बावीस जण कोण असतील? आणि हा भिवा नावाचा चिपळूणकडचा गवंडी रोज न चुकता 'भाकरी' का दाबतो? खूप दिवसांनी त्याने एकदा शेऱ्यात लिहिले, "वहिनी, साखर वाढलीय. डॉक्टरनी भात बंद केलाय." तेव्हापासून सहा वाजले की मी आधी भिवाची वाट बघू लागलो.

पुढे माझे मशीन म्हातारे झाले. ऐन सहाला अडखळू लागले. धनंजय वैतागले आणि त्यांनी दुसरी होस्टिंग कंपनी गाठली. "सगळं सामान तिकडे हलवा," एवढेच त्यांनी सांगितले. सगळ्यात मीही आलो, असे त्यांनी धरून चालले. त्यात त्यांचा तरी काय दोष? तीन व्हॅन बदलल्या, पाटी तीच राहिली. फोनची कंपनी बदलली, नंबर तोच राहिला. दुबईत माणूस आपला नंबर बरोबर घेऊन फिरतो.

बुधवारी दुपारी त्यांनी फोनवर साइट उघडून पाहिली. नावाने ती झटक्यात उघडली, कारण नाव आता नव्या मशीनकडे पाठवत होते. "खलास! झालं काम," म्हणत त्यांनी जुने मशीन बंद करायला सांगितले.

सहाला वसाहतीतले यंत्र नेहमीसारखे माझ्या दाराशी आले. आत कोणी नव्हते. पडद्यावर चक्र फिरत राहिले. नेहमीचाच उशीर असेल, असे समजून माणसे बटण दाबून निघून गेली. इकडे प्रमोदिनींची यादी कोरी. "आज कुणालाच काही वेगळं नको?" त्या म्हणाल्या. "साइट तर चालू आहे," धनंजय म्हणाले. गुरुवारी तीनशे डबे भाताचे गेले.

भिवाने साखरेची गोळी घेऊन फक्त भाजी खाल्ली आणि तो उन्हात कामावर गेला. दुपारी साखर उतरून त्याला घेरी आली. सोबत्यांनी त्याला सावलीत बसवून साखरेचे पाणी पाजले. हे कानावर येताच संध्याकाळी प्रमोदिनींनी त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "एका दिवसाचं काय एवढं, वहिनी. उद्या मात्र भाकरी द्या." हे सगळे मला कसे कळले, असे विचारू नका. पत्त्याकडे बातम्या येतातच.

नव्या कंपनीतल्या विघ्नेशने धनंजयांना समजावले, "सर, गाडीची पाटी तुमच्या नावावर असते. हा नंबर जुन्या कंपनीच्या मालकीचा आहे. स्वतःच्या नंबरांचा गठ्ठा असता तर तो आणता आला असता. तुमच्या मालकीचं आहे ते साइटचं नाव. यंत्रात तेच घाला."

पण नुसते यंत्रात घालून भागणार नव्हते. वसाहतीचे नेटवर्क सांभाळणारा हारुन म्हणाला, "हबीबी, हमारे सिस्टम में तुम्हारा यही नंबर पास है. नया डालना है तो हेड ऑफिस का अप्रूवल चाहिए. चार दिन, इन्शाल्ला."

धनंजयांनी जुन्या कंपनीला गळ घातली. मला अजून दुसऱ्या कोणाला दिलेले नव्हते. एका महिन्यासाठी मी पुन्हा उभा राहिलो. विघ्नेशने मला एकच काम नेमून दिले: आलेला निरोप उचलायचा आणि नव्या पत्त्यावर पोचवायचा. मित्रांनो, सहा वर्षांत इतके जिवापाड मी काही केले नव्हते. हारुनचे चार दिवस अकरा झाले. रोज सहाला भिवा येई, आणि त्याची भाकरी मी पुढे नेऊन देई.

बाराव्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा झाले, कोणीच आले नाही. यंत्र आता नावाने थेट नव्या दारी जात होते. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? तरीही धनंजयांनी मला लगेच सोडले नाही. महिना संपेपर्यंत ते रोज माझ्याकडे आलेल्यांची नोंद उघडून बघत, चुकून कोणी मागे राहिले आहे का. शेवटच्या दिवशी प्रमोदिनींनी भिवाला फोन केला. "भाकरी आली का रे?" "आली की. रोज येते." मग त्यांनी मला जाऊ दिले.

मित्रांनो, जागा बदलताना आपले सामान सगळेच मोजतात. जुन्या दारावर कोण कोण येत होते, तेही मोजा, आणि शेवटचा माणूस नव्या दारी पोचेपर्यंत जुने दार उघडे ठेवा. आता माझ्याकडे दुसरे बिऱ्हाड येईल. कोणाचे, याची मला उत्सुकता आहे. पण आता भिवा माझ्याकडे आला, तर त्याला ओळखणारे आत कोणी नसेल.