सहाचं फाटक

काकी आणि हवालदाराचं भांडण रोज सकाळी साडेसहाला सुरू व्हायचं आणि नऊला फाटक उघडलं की संपायचं. आम्ही रिकामी पोती बुडाखाली घेऊन ऐकत बसायचो. दुसरं काम तरी काय होतं? आमची घरं सरहद्दीच्या तारेच्या अलीकडं आणि रानं पलीकडं. खरी हद्द रानाच्याही पुढं, ओढ्यापाशी. पण तार ठोकणाऱ्यांनी काय मोजलं कुणास ठाऊक, आम्ही देशात राहिलो आणि आमची जमीन उंबऱ्याबाहेर पडली. मधे एक लोखंडी फाटक. नऊला उघडायचं, पाचला बंद.

"हवालदार, मूग काय नऊ वाजता तोडतात?" काकी विचारायची. "दंव आहे तोवर शेंग मऊ असते. ऊन चढलं की हात लागायच्या आधीच तडकते. सगळे दाणे मातीत. चिमण्यांसाठी पेरतो काय आम्ही?"

"मावशी, वेळ वरून ठरते."

"वरून म्हणजे? देवानं ठरवली?"

"त्याच्याही वरून."

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याच्याही घरी शेती होती, पण ती लांब आणि बिनतारेची. त्यामुळं काकीचं म्हणणं त्याला पटायचं आणि तरी किल्ली खिशातच राहायची.

काकी माझी सख्खी चुलती. साठी ओलांडलेली, हाडानं काटक, जिभेनं त्याहून. काका गेल्यापासून ती आणि सून दोघींनीच रान सांभाळलं. पोरगा ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवायचा. गेल्या साली तिचा अर्धा मूग शिवारातच सांडला होता, आणि आमचं कुणाचंही याहून बरं नव्हतं. फाटक सहाला उघडावं म्हणून काकीनं तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं, की अर्ज योग्य त्या कार्यालयाकडं पाठवला आहे. योग्य त्या कार्यालयानं तो परत आमच्याच पंचायतीला पाठवला.

आणि अशात निवडणूक लागली. आमच्याकडं उमेदवार दोन. एकजण दहा वर्षं निवडून येत होते आणि दहा वर्षं तीच तार काढून टाकणार होते. गावानं त्यांना काढेसाहेब नाव ठेवलं होतं. त्यांच्या काळात तारेच्या दोन रांगांच्या तीन झाल्या. दुसरे म्हणायचे, तारेची उंची दुप्पट वाढवू. ते वाढेसाहेब. वाढणार वाढणार म्हणून आमची पानं मांडून ठेवलेली, पण पानात अजून काही पडलं नव्हतं.

शाळेच्या ओसरीवर काढेसाहेबांची सभा झाली. काकी उठून म्हणाली, "साहेब, तार काढू नका. ओढ्यापलीकडची गुरं सरळ मुगात येतील. फक्त फाटक सहाला उघडा."

साहेबांचं तोंड उतरलं. एवढ्याशा मागणीची त्यांना सवयच नव्हती. "मावशी, काहीतरी मोठं मागा," ते म्हणाले. "लाजू नका."

दोन दिवसांनी त्याच ओसरीवर वाढेसाहेब आले. काकी त्यांना म्हणाली, "वाढवा साहेब, पाहिजे तर आभाळाला टेकवा. पण फाटक सहाला उघडा." वाढेसाहेबांनी सीमेवरच्या मातेला वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्याच गाडीत बसले.

मूग पिकून शेंग काळी पडायला लागली. पहिली तोडणी तोंडावर आली आणि काकीची झोप उडाली. तेवढ्यात काढेसाहेबांचा फोटोवाला जागा बघायला आला. त्याला तारेपलीकडं, हिरव्या रानात, शेतकऱ्यांच्या मधे उभे असलेले साहेब हवे होते. पण नऊचं ऊन बघून तो म्हणाला, "या उन्हात साहेबांचं टक्कल फार चमकतं. सकाळी सहाचा उजेड पाहिजे."

साहेबांनी एक फोन केला. मंगळवारी सहाला फाटक उघडायचा हुकूम आला.

साहेबांचा कार्यकर्ता काकीच्या दारात आला. "पन्नास माणसं पाहिजेत मावशी. स्वच्छ कपड्यात."

"दीडशे आणते," काकी म्हणाली. तो गेल्यावर तिनं घरोघर निरोप दिला. कपडे जुनेच घाला आणि पोती विसरू नका.

मंगळवारी हवालदारानं हुकूम दोनदा वाचला आणि किल्ली फिरवली. "तीन अर्जांनी जमलं नाही मावशी, ते एका टकलानं केलं," तो हळूच म्हणाला.

आम्ही पळतच रानात शिरलो. शेंगा ओल्या, गार, हाताला लगेच सुटणाऱ्या. कुणी बोलेना की मान वर करेना. साहेब मधोमध उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातात विळा दिला होता. मूग हातानं तोडतात हे त्यांना दहा वर्षांत कुणी सांगितलं नसावं.

"मावशी, जरा वर बघा," फोटोवाला विनवायला लागला.

"दंव खाली आहे बाबा," काकी म्हणाली.

आठपर्यंत पहिली तोडणी उरकली. चार दिवसांनी चौकात फलक लागला. पुढं विळा घेतलेले साहेब, मागं दीडशे वाकलेल्या पाठी, आणि वर ओळ, 'जनता माझ्या पाठीशी'. दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवर वाढेसाहेबांनी तोच फोटो लावला. खाली लिहिलं, 'जनतेनं पाठ फिरवली'.

"आत्याबाई, तुमची पाठ जिल्हाभर गेली," सून म्हणाली.

"जाऊ दे. मूग घरात आला ना?"

दुसरी तोडणी दहा दिवसांनी होती. काकी एसटीनं तालुक्याला गेली आणि थेट वाढेसाहेबांच्या कचेरीत जाऊन बसली. मी बरोबर होतो. "साहेब, ते तारेपलीकडं जाऊन आले," ती म्हणाली. "तुम्ही तार वाढवणार आणि फोटो अलीकडून काढणार? लोक म्हणतात, वाढेसाहेबांना पलीकडं जायची भीती वाटते."

"कोण म्हणतं?"

"आज मी म्हणते. उद्या बाकीचे म्हणतील."

त्यांनीही एक फोन केला आणि शुक्रवारी सहाला फाटक उघडलं. वाढेसाहेबांनी बजावून ठेवलं होतं, की या खेपेला पाठी नकोत, चेहरे हवेत. काकीनं कबूल केलं. फक्त आधी शेंगा, मग चेहरे. शेंगा संपेपर्यंत ऊन चांगलं तापलं होतं. सूर्याकडं तोंड करून उभं केल्यावर सगळ्यांचे डोळे बारीक झाले आणि पाणी गळायला लागलं. फलकावर लिहून आलं, 'सीमेवरचे अश्रू मीच पुसणार'.

ते अश्रू बघून लोकांना पाझर फुटला म्हणा, नाहीतर काढेसाहेबांच्या विळ्याला लोक हसले म्हणा, वाढेसाहेब निवडून आले. थोडक्यात, पण आले.

निकाल लागला तेव्हा शेवटची तोडणी उरली होती. काकीनं पुन्हा एसटी धरली. आभार मानायला तारेवरच या, सकाळी सहाला, गाव वाट बघतंय, असं सांगून आली. साहेब आले. हार घालून झाले, आम्ही लगेच वाकलो. सात वाजेतो उरलासुरला मूग पोत्यात गेला. कितीतरी वर्षांनी आमच्या शिवारात चिमण्यांना टिपायला काही राहिलं नव्हतं.

साहेब निघाले तेव्हा काकी पोतं तिथंच टेकवून त्यांच्या वाटेत उभी राहिली. "साहेब, आता तुम्ही वर गेलात. फाटक रोजचंच सहाला होऊ दे."

साहेब मनापासून हसले. "घाई काय आहे मावशी? अजून पाच वर्षं आहेत."

काकी बाजूला सरली, गाडी जाऊ दिली आणि पोतं सुनेच्या डोक्यावर चढवलं. दुसऱ्या दिवसापासून फाटक पुन्हा नऊला उघडायला लागलं. हवालदारानं स्वतःच एकदा तिला विचारलं, "आता पुढं कसं करायचं मावशी?" त्यावर काकी त्याच्याशी भांडलीसुद्धा नाही. ते बघून आम्हाला जरा काळजीच वाटली.

पुढच्या पेरणीला तिनं पलीकडं मका टाकला. तिचं बघून आम्हीही टाकला. मका तोडायला दंव लागत नाही, नऊ वाजोत की बारा. पण मुगासारखे पैसे त्यात सुटत नाहीत, हेही खरं.

अशी काही वर्षं गेली. परवा शेतीखात्याचा साहेब पाहणीला आला होता. कागदावर आकडे बघून तो गोंधळला. "या गावात सलग मका, आणि मधेच एखाद्या साली एकदम सगळीकडं मूग, असं का? पावसाचं काही गणित आहे का?"

"पावसाचं नंतर बघतो," काकी म्हणाली. "आधी सांगा, जिल्ह्याची निवडणूक कधी लागते? बी आणून ठेवायला बरं."