सिंधूकाकींच्या तुपाची नानकटाई

फरहतचा नानकटाईचा दुसरा ट्रेही काळाठिक्कर निघाला. पहिला जळल्यावर तिने ओव्हनचं बटण बरंच खाली आणलं होतं, तरी ही गत. पीठ स्वतःचं असतं तर तिने ओव्हनला चार शिव्या घालून विषय संपवला असता. पण पीठ शेजारच्या सिंधूकाकींचं होतं, आणि त्यात त्यांच्या घरच्या म्हशीचं तूप होतं.

दौंड सोडून शिरूरला येऊन फरहतला अजून वर्षही झालं नव्हतं. गल्लीतली माणसं बोलायला गोड, पण उंबऱ्याच्या आत यायला कुणाला सवड नव्हती. आल्या त्या एकट्या सिंधूकाकी. दर दिवाळीला त्या पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर नेत आणि बायकांच्या गर्दीत नंबर लावून अर्धा दिवस घालवत. यंदा फरहतनेच तोंड उघडलं होतं, "काकी, भट्टीवर कशाला उभं ऱ्हाता? माझा ओव्हन काय शोभेला हाय व्हय?" काकींनी एका शब्दावर परात आणून दिली. आता परातीत शेवटच्या ट्रेपुरतं पीठ उरलं होतं. तेही जळलं तर काकी भांडल्या नसत्या. नुसतं येणं कमी केलं असतं. फरहतला धास्ती होती ती त्याचीच.

तिचा नवरा रशीद निमोण्यापासून केंदूरपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा. त्यामुळे विजेवर चालणारी जगातली प्रत्येक वस्तू आपल्या हाताखालची आहे, असा त्याचा समज. त्याने आधी व्होल्टेजवर खापर फोडलं. मीटर लावून पाहिला, तर लाईन अगदी सरळ. मग थर्मोस्टॅटची पाळी आली.

"गेला हा. पुण्यावरनं मागवावा लागंल. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर? मग काकींना काय सांगू, पुढच्या दिवाळीला या?"

फरहत रिकामा ओव्हन चालू करून त्याच्यासमोर ठाण मांडून बसली. काचेजवळ हात नेववत नव्हता, तरी हीटर चालू असल्याचा लाल दिवा विझायचं नाव घेईना. "आत आग लागलीय आन् ह्याला पत्ताच न्हाई," ती चिडून म्हणाली.

रशीदने बटण हळूहळू खाली आणत सगळ्यात कमी आकड्यावर नेलं. टिक आवाज झाला आणि दिवा विझला. "थांब जरा. थर्मोस्टॅट चांगला हाय की. त्याला आतली खबरच मिळंना."

प्लग काढून, ओव्हन निवेपर्यंत कसाबसा दम धरून त्याने आत टॉर्च मारला. मागच्या भिंतीवर एक छोटा चाप होता, रिकामा. "हितं पेन्सिलीएवढी कांडी पायजे. ती तापली की हीटर बंद व्हतो." त्याने मागचा पत्रा खोलला. कांडी भोकातून ढकलली जाऊन भिंतीपलीकडे गारव्यात निवांत पडली होती. चापाखाली पत्र्यावर एक गोल ओरखडा उमटला होता.

"आत काय कोंबलं व्हतंस?"

"मी? ओव्हनमध्ये?" फरहत भांडायच्या तयारीने वाकली, ओरखडा पाहिला आणि तिला पातेलं आठवलं.

श्रावणात काकींनी सत्यनारायणाला तिचं मोठं पातेलं नेलं होतं. परत आणलं तेव्हा फरहत गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली येऊन पाहते तर पातेलं ओव्हनमध्ये रेटून बसवलेलं, आत नारळ आणि गुळाचा खडा. काकी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून त्यांना हे काचेच्या दाराचं कपाट बरं वाटलं असणार. पातेलं ओढून काढताना तिला हसू आलं होतं. त्यानंतर ओव्हन लावला तो आजच.

"मग सुटलीस की," तिच्याकडून हे ऐकून रशीद म्हणाला. "सरळ सांग, तुमचंच काम हाय म्हणावं."

"खबरदार," फरहत म्हणाली. शिरूरमध्ये शेजारपाजारातून या घरात आलेली पहिली वस्तू म्हणजे तो नारळ होता, हे रशीदच्या लक्षातही नव्हतं.

कांडी चापात बसली. ओव्हन तापला आणि दिवा आपसूक विझला, तशी फरहतने लहान पोरीसारखी टाळी वाजवली. शेवटचा ट्रे बदामी रंगावर, वर छान भेगा पडून निघाला.

संध्याकाळी काकी आल्या तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं. "काकी, दोन ट्रे जळाले. तुमचं तूप वाया गेलं. आतली कांडी हलली व्हती, आमच्याच हातनं." रशीद पंख्याकडे बघत उभा राहिला.

काकींनी एक नानकटाई मोडून तोंडात टाकली. "भट्टीवर बी जळतात की गं. तिथं कुणी सांगत न्हाई, एवढंच." आणि नानकटाईचा डबा घेऊन त्या गेल्या.

पाडव्याला फरहत ओटा पुसत होती. मागे ओव्हनचं दार कुरकुरलं. वळून पाहते तर काकी वाकलेल्या, हातात चकल्यांनी गच्च भरलेला तोच डबा.

"काकी!" फरहत अशी धावली की काकी दचकल्या.

"अगं, मुंग्या लागतील म्हणून..."

"माझ्या हातात द्या. मी दिसले न्हाई तर हाक मारा, बसा, वाट बघा, पण डबा माझ्या हातातच द्या."

काकींचे डोळे भरून आले. "एवढा जीव लावतीस व्हय गं?"

"लावते की," फरहत म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. मग पाठीने ओव्हनचं दार घट्ट लावून तिने चहाला आधण ठेवलं.