सूनबाईंची हरकत

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळी वस्ती क्लचबाई म्हणायची. समोरचा कितीही घाबरलेला असो, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "क्लच दाबा, श्वास घ्या, मग काय ते बोला." तिच्या पायाशी जादाचा ब्रेक होता, पण तो ती सहसा दाबत नसे. आपण ब्रेक दाबला की समोरचा शिकायचं थांबतो, असं तिचं पक्कं मत होतं. निम्मी वस्ती तिच्याच हाताखाली गाडी शिकली होती, त्यामुळे तिला वचकूनही असायची.

घरी सासरे होते. त्यांनी उभी हयात बसमध्ये कंडक्टरकी केली होती. आवाज असा, की गॅलरीतून चहा मागितला तर शेजारीही आधण ठेवतील. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला जायचा. तो म्हणायचा, "घरात एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. मी आपला खिडकीजवळची सीट मिळाली तरी खूश."

सासूबाई गेल्यावर मात्र सासऱ्यांचा तो आवाज घरातल्या घरात घुमायला लागला. बोलणार कुणाशी? सून दिवसभर रस्त्यावर, मुलगा दुपारभर झोपलेला. मग त्यांनी एक ध्यास घेतला. वस्तीत म्हाताऱ्या माणसांना बसायउठायला, गप्पा मारायला, गाणंबिणं म्हणायला एक सभागृह हवं. त्यासाठी त्यांनी नगरपालिकेत वर्षानुवर्षं खेटे घातले. साहेब बदलले, नगरसेवक बदलले, पण यांचा अर्ज तोच. आणि या वर्षी अर्थसंकल्पाच्या मसुद्यात चक्क त्यांच्या सभागृहासाठी तरतूद आली! त्या दिवशी सासऱ्यांनी दारोदार जाऊन बातमी सांगितली. दोन घरी तर दोनदा सांगितली.

दुसरी बातमी पंक्चरवाल्याने आणली. त्याचं दुकान वस्तीच्या तोंडाशी होतं आणि घर कालव्यापलीकडे. क्लचबाई टायरमध्ये हवा भरायला थांबली, तेव्हा तो हातातली नळी तशीच धरून म्हणाला, "ताई, मसुदा शेवटपर्यंत वाचलात का? आपला पूल पाडणार आहेत."

"कुठला पूल?"

"आपला. पायी जायचा. नवीन बांधायचा म्हणून नाही हं, नुसता पाडणार. दुरुस्ती परवडत नाही म्हणे."

वस्तीच्या मागच्या अंगाला, कालव्यावर तो अरुंद लोखंडी पूल होता. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, बाजार पलीकडे. पूल गेला तर सगळ्यांना मोठ्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घ्यावा लागणार. त्या पुलावर पदपथ नव्हता. कठड्याला घासून ट्रक जायचे. क्लचबाई तो पूल गाडीच्या काचेतून रोज बघायची. तिथे आल्यावर तिच्या विद्यार्थ्यांचे हात घामेजायचे. त्याच जागी दप्तरं घेतलेली पोरं आणि काठी टेकत निघालेल्या बायका तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

"हवा भरा," ती म्हणाली. "मी बघते."

ती थेट नगरपालिकेत इंजिनीअरकडे गेली. इंजिनीअर तिचाच जुना विद्यार्थी. माणूस हुशार आणि सरळ, फक्त गाडी मागे घेताना अजूनही जीभ बाहेर काढायचा. तिला बघताच तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"बाई, पुलाबद्दल आला असाल तर आधीच सांगतो, अहवालात मी खोटं लिहिलेलं नाही. तो पूल खरंच खराब झालाय. खालच्या तुळया गंजून पापुद्रे सुटलेत. मी माझ्या आईलाही त्यावरून जाऊ देणार नाही."

क्लचबाईला भांडायचं होतं, पण समोरचा भांडणाला जागाच देईना. "मग दुरुस्त करा," ती म्हणाली.

"करतो की. निधी आणा. तुमच्या वॉर्डाच्या वाट्याला जेवढं आलं, ते सगळं सभागृहात गेलंय. अध्यक्षबाईंनी यंदा प्रत्येक वॉर्डाला एकच मोठं काम दिलंय." तो जरा घुटमळला. "ते काम तुमच्या घरूनच मागितलं गेलंय, बाई."

"सभागृहाचा पैसा पुलाला लावला तर?"

"तर पूल उभा राहील. पण सभागृह मग कधी, ते मला विचारू नका."

घरी येईपर्यंत तिच्या मनात सगळं लख्ख झालं होतं. तिला जड जाणार होतं ते फक्त सांगणं. पण मागून, दुसऱ्याच्या तोंडून कळू द्यायचं तिच्या स्वभावात नव्हतं. सासरे गॅलरीत बसून सभागृहात खुर्च्या कशा मांडायच्या याचा विचार करत होते. शेजारच्या काकांना ते तसं मोठ्याने समजावतही होते. काका गेल्यावर ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, मसुद्यावर नगरपालिकेत सुनावणी आहे, तिथे मी हरकत घेणार आहे. पूल पाडायला. आणि त्यासाठी सभागृहाचे पैसे मागणार आहे."

सासऱ्यांना आधी वाटलं, ही चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं.

"माझ्या सभागृहाचे?"

"वस्तीच्या."

"वस्तीच्या म्हणे! चपला कुणाच्या झिजल्या?"

"तुमच्या. म्हणून तर तुम्हाला आधी सांगायला आले."

"सांगायला आलीस, विचारायला नाही." ते उठले. "तुला बोलायचं तर बोल. मीही येणार. मलाही तोंड आहे."

ते होतं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पुढचे दिवस क्लचबाईने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. शिकवणी झाली की ती एकेका घरी जायची. आधीच्या सुनावण्यांमध्ये काय व्हायचं ते तिला ठाऊक होतं. एक जण भटक्या कुत्र्यांवर बोलायचा, दुसरा बंद दिव्यांवर, तिसऱ्याचं गटार, चौथ्याचं शेजाऱ्याशी जुनं भांडण. अध्यक्षबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, घंटी वाजवायच्या आणि हाती काहीच लागायचं नाही.

"यंदा सगळ्यांनी पुलावर बोलायचं," ती प्रत्येकाला सांगायची. "तुमचं गटार मी विसरत नाही. पण या वेळी पूल."

काहींनी नाकं मुरडली. सभागृहाची वाट बघणारी म्हातारी मंडळी तर तिच्या तोंडावरच म्हणाली, "सासऱ्याच्या ताटातलं काढून घेतेस?" ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या दाराची बेल दाबायची. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तिची खात्री डळमळली नव्हती.

सुनावणी शनिवारी सकाळी होती. नगरपालिकेचा हॉल, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्येच किंचाळणारा माइक. समोर अध्यक्षबाई, करारी चेहऱ्याच्या, हाताशी छोटी घंटी. बाजूला इंजिनीअर. पहिल्या रांगेत सासरे, इस्त्रीचा सदरा घालून. क्लचबाई दोन रांगा मागे. सकाळी घरातून दोघं वेगवेगळे निघाले होते.

वस्तीने शब्द पाळला. पंक्चरवाला बोलला, शाळेतली शिपाईबाई बोलली, दवाखान्यात ड्रेसिंगला जाणारे काका बोलले, सगळे पुलावर. कोपऱ्यावरच्या मावशींनी "ती कुत्री रात्रभर..." अशी सुरुवात केली, मागे वळून क्लचबाईकडे पाहिलं आणि गाडी सावरली, "...ती कुत्रीसुद्धा पुलावरूनच जातात. पूल पाहिजे!" हॉल हसला. अध्यक्षबाईही ओठ दाबून हसल्या.

मग त्यांनी नेमका प्रश्न टाकला. "पूल सगळ्यांना हवा हे कळलं. पैसा कुठून आणू? कुठलं काम सोडता?"

क्लचबाई उभी राहिली. "सभागृह पुढे ढकला," ती म्हणाली. "ते पैसे पुलाला द्या."

तिचं वाक्य संपायच्या आत सासरे उठले. त्यांना माइकची गरज नव्हती.

"अध्यक्षबाई, ही माझी सून आहे. चांगली आहे, मला काही कमी पडू देत नाही. पण ती तरुण आहे. पूल लोखंडाचा असतो. आज गंजला, उद्या रंगवता येतो. माणूस तसा नसतो. मी पहिला अर्ज दिला तेव्हा माझ्याबरोबर सह्या करणारे निम्मे लोक आज नाहीत. बसायला जागा मिळायच्या आधीच गेले. आम्ही जिन्यात बसतो, दुकानांच्या पायऱ्यांवर बसतो, तिथून लोक उठवतात. दिवसभर भिंतीकडे बघून काय वाटतं, ते भिंतीकडे बघणाऱ्यालाच कळतं. अजून थांबा म्हणता? थांबतो. पण मग सभागृह बांधाल तेव्हा आत बसवाल कुणाला?"

ते बसले. एका घरात राहून हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते. संध्याकाळी दमून घरी आल्यावर त्यांच्या मोठ्या आवाजाचा तिला वैतागच यायचा.

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बोलायचंय अजून?"

"हो." ती पुढे गेली. "बाबा म्हणाले ते खरं आहे. शब्दन्‌शब्द. त्यातलं काही मी खोडणार नाही." मग ती सासऱ्यांकडे वळली. "पण बाबा, तुमच्या सह्यांतले जे आज आहेत, ते राहतात कुठे? घड्याळवाले काका पलीकडे. मास्तर पलीकडे. तुमचा तो डेपोतला मित्र, तोही पलीकडेच. पूल पाडल्यावर ते तुमच्या सभागृहात येणार कसे? मोठ्या पुलावरून, ट्रकच्या बाजूने? मास्तरांना तर नीट दिसतही नाही."

"मी आणेन त्यांना," सासरे बसल्या जागेवरून म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "कसे आणाल आजोबा? तुम्ही तर सुनेकडे दोनदा गाडी शिकायला बसलात आणि दोनदा अर्धवट सोडलंत!"

हॉलमध्ये खसखस पिकली. सासऱ्यांची मान खाली गेली. हशा तिच्या बाजूचा होता, पण ती गर्रकन मागे वळली.

"हसू नका," ती म्हणाली. "त्यांनी जन्मभर या गावाला नीट घरी पोचवलंय. त्यांची मागणी चुकीची नाही. मला एवढंच म्हणायचंय, की पूल नसेल तर सभागृहाला कुलूप लावावं लागेल. आणि पूल असेल तर पुढच्या वर्षी सभागृह मागायला दोन्ही काठांची माणसं इथे येतील. मी स्वतः आणीन. हे सगळ्यांसमोर बोलतेय, लिहून घ्या."

अध्यक्षबाईंनी हात वर करायला सांगितले. सभागृहासाठी काही हात आले, थरथरते, पण ताठ. पुलासाठी मात्र रांगाच्या रांगा उठल्या. सासऱ्यांनी हात वर केला नाही. कशासाठीच नाही.

मंजुरी आली. पूल दुरुस्त होणार, सभागृह लांबणीवर. घरात मात्र अबोला सुरू झाला. सासरे मुलामार्फत बोलू लागले. "तुझ्या बायकोला सांग, आमटीत मीठ कमी आहे." आमटी नवऱ्यानेच केलेली असायची. तो दोघांकडे बघून मुकाट्याने जेवायचा.

शेवटी तिनेच कोंडी फोडली. "बाबा, माझ्या शिकवणीची खोली संध्याकाळी रिकामी असते. बाकं आहेत, पंखा आहे. तुमची मंडळी तिथे बसवा."

"मेहेरबानी नको."

"मेहेरबानी कोण करतंय? भाडं घेणार आहे."

"किती?" त्यांनी संशयाने विचारलं. तिच्याशी थेट बोललो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"दुपारच्या वर्गाला रस्त्यावरच्या खुणा शिकवायच्या. माझा घसा बसतो. तुमचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत जाईल."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "शेवटच्या बाकाच्याही पुढे जाईल," ते म्हणाले.

पुलाचं काम होईपर्यंत ती मास्तरांना आणि घड्याळवाल्या काकांना गाडीतून आणायची, सोडायची. पूल खुला झाला, तेव्हा ते आपापले चालत आले. शिकवणीच्या खोलीत गाणी सुरू झाली. बेसूर, पण जोरात. जागा अपुरी पडायला लागली, तशी मंडळी बाकं दाटीवाटीने लावून बसू लागली.

आपली सून त्या दिवशी चुकली, असं सासरे अजूनही म्हणतात. तिच्या तोंडावर म्हणतात, आणि ती ऐकून घेते. पण पुढच्या अर्थसंकल्पाची नोटीस लागली, तेव्हा ती वाचून ते सकाळी सकाळीच तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"सुनावणी शनिवारी आहे. पलीकडची माणसं आणणार होतीस."

"सगळी येताहेत. कालच जाऊन आले."

"आणि यंदा मी बोलणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. तिने किल्ल्या घेतल्या आणि दोघं एकाच गाडीने निघाले.